जुना बाजारचौक: डांबराखालची फरसबंदी उघडायची की वर नवी घालायची?

वेशीपाशी (प्रश्न)

नगरपरिषदेचा जुना बाजारचौक आहे, साधारण ३८ × ४६ मीटर. मधोमध काळ्या दगडाचा हौद, त्यातलं कारंजं बंद. एका कोपऱ्यात पिंपळाचा पार. तीन बाजूंना ओटे असलेले वाडे, चौथ्या बाजूला मारुतीचं देऊळ. नळाच्या कामासाठी चर मारला तेव्हा डांबराखाली घडीव दगडाची फरसबंदी निघाली. एका खड्ड्यात ती २२ सेंटीमीटर खाली, दुसऱ्यात ३४. चिरे साधारण ६० × ३०, जाडी १० ते १४. देवळाला जुन्या फोटोत चार पायऱ्या आहेत, आज दोनच दिसतात. पावसाळ्यात पाणी ओट्यांना लागतं.

सल्लागाराचा आराखडा असा: डांबरावर १५ सेंटीमीटर काँक्रीट, त्यावर लाल ग्रॅनाइट, हौदाला रंग आणि रंगीत दिव्यांचं कारंजं, पाराला टाइल्स, मध्ये हायमास्ट. मुदत मार्च ते जून.

जुनी फरसबंदी वाचवून हे काम करता येईल का? चौकातून दुचाकी, टेम्पो जातात, आठवड्याचा बाजार भरतो, पालखी आणि गणपतीची मिरवणूक येते. मुख्याधिकाऱ्यांसमोर ठेवता येईल असं आकड्यांत सांगा. "वारसा जपा" एवढ्यावर तिथे कुणी ऐकत नाही.

---

ओळंबा

दगड कोणता, रंग कोणता हे सगळं नंतर. आधी लेव्हल.

तुमच्या दोन बुडालेल्या पायऱ्या म्हणजेच ते ३४ सेंटीमीटर, १७-१७ ची एकेक. त्यावर १५ चं काँक्रीट, ३ चा मसाला आणि ३ चा ग्रॅनाइट चढला की आणखी एक पायरी गेली. आज ओट्याला लागणारं पाणी मग उंबऱ्याच्या आत जाईल. मुख्याधिकाऱ्यांपुढे पहिला कागद हाच ठेवा: देवळाच्या पायरीचा छेद, त्यावर तीन रेषा. जुनी फरसबंदी, आजचं डांबर, प्रस्तावित ग्रॅनाइट. त्यापुढे फार बोलावं लागत नाही.

मोजणी टोटल स्टेशनने (अंतर आणि उंची मोजणारं सर्वेक्षण यंत्र), २ मीटरच्या जाळीवर. प्रत्येक वाड्याचा उंबरा, ओट्याची कड, हौदाचा काठ, पाराचा तळ आणि प्रत्येक चेंबरचं झाकण वेगळं टिपा. त्याखेरीज ६ ते ८ चाचणी खड्डे, १ × १ मीटरचे, हाताने खणलेले. जेसीबीच्या दाताखाली पहिला चिरा फुटतो आणि मग "खाली काही नव्हतंच" असा अहवाल तयार होतो.

लेव्हल खाली न्यायची ठरली तर तीन अडचणी हमखास येतात. आराखड्यात त्या कुणी दाखवत नाही.

पहिली, चौकाला मिळणारे रस्तेही डांबराने चढलेले असतात. चौक ३४ सेंटीमीटर खाली गेला की तो परात होतो, चारही रस्त्यांचं पाणी आत येतं. म्हणून रस्त्यांची तोंडंही खरवडावी लागतात. १:५० च्या उतारानं ३४ सेंटीमीटर उतरायला १७ मीटर लागतात, तेवढी लांबी प्रत्येक रस्त्यावर कामात धरा. शिवाय प्रत्येक तोंडाशी आडवी गटार हवी.

दुसरी, घरगुती नळजोडण्या. त्या डांबराची पातळी धरून टाकलेल्या असतात, बऱ्याचदा जेमतेम ३०-४० सेंटीमीटर खोल. ३४ काढलेत की पाइप उघडे पडले. त्या सगळ्या बदलायच्या धरूनच अंदाजपत्रक करा.

तिसरी, पाणी नेणारा पाइप. चौकाचं क्षेत्र १७४८ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर पाऊस आणि ०.८ वाहगुणक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) धरला तर सेकंदाला साधारण ३९ लिटर पाणी होतं. १:२०० उताराचा २२५ मिलिमीटरचा पाइप भरून ३२ लिटर नेतो, ३०० चा ६८ नेतो. म्हणजे ३०० हवाच. खरा प्रश्न नाल्याच्या तोंडाशी पाइपाचा तळ बसतो का हा आहे. तो बसत नसेल तर फरसबंदी उघडण्याचा बेत तिथेच थांबतो, म्हणून हे सगळ्यात आधी मोजा.

खडबडीत घडीव दगडाला १:६० ते १:८० उतार लागतो. गुळगुळीत फरशीचा १:१०० इथे लावला तर टाकीच्या (दगड घडवायच्या छिन्नीच्या) खुणांत पाणी थांबतं आणि शेवाळ धरतं. जुन्या फरसबंदीला स्वतःचा उतार असतो, बहुतेक वेळा हौदापासून बाहेर किंवा एका पन्हळीकडे. जाळीवरच्या मोजणीत तो दिसला तर तोच ठेवा.

---

टाकी-छिन्नी

चिऱ्यांबद्दल लिहितो.

हौद आणि पार वगळून १६०० चौरस मीटर धरले तर सुमारे नऊ हजार चिरे होतात. १२ सेंटीमीटर जाडीचा एक चिरा ६० किलोच्या आसपास. सगळे मिळून पाचशे टनांच्या वर. एवढं सगळं उचलून पुन्हा बसवायचा विचारच करू नका. जागेवर घट्ट बसलेला चिरा हलवायचा नाही. पहारेचं बूड आपटून बघा: भरीव आवाज आला तर तो तसाच राहू द्या, पोकळ आला तर खालची भर गेलेली आहे. खचलेले, चरात तुटलेले आणि पोकळ वाजणारे, एवढेच उचलायचे.

डांबर काढायचं ते थंडीत, सकाळी. गार डांबर कडक असतं, पापुद्र्यासारखं सुटतं. एप्रिलच्या उन्हात तेच चिऱ्याला च्युइंगमसारखं ओढलं जातं. तुमची मार्च-जूनची मुदत इथेच चुकली आहे. वरचे थर यंत्रानं काढा, शेवटचे ५ सेंटीमीटर हातानं. चिकटलेलं डांबर सपाट छिन्नीनं खरवडायचं. रॉकेल किंवा डिझेल लावून पुसू नका, काळा डाग दगडाच्या छिद्रांत पसरतो आणि मग निघत नाही.

उचलण्याआधी १ × १ मीटरची दोरीची चौकट ठेवून वरून फोटो. क्रमांक चिऱ्याच्या खालच्या अंगाला किंवा कडेला, मेणखडूनं. दर्शनी अंगावर ऑइलपेंटनं आकडे टाकलेली फरसबंदी काही ठिकाणी अजून तशीच दिसते, वाड्याच्या अंगणात जनगणना झाल्यासारखी. चिरे लाकडी पट्ट्यांवर उभे रचा. आडवे एकावर एक रचले की मधला तुटतो. पुरवठ्यात १० ते १५ टक्के नवा दगड जास्तीचा धरा.

नवा दगडही काळा बेसॉल्टच हवा, जवळच्या खाणीतला, टाकीनं घडवलेला. यंत्रानं कापून पॉलिश केलेला नको. पावसात आणि गुलालात त्याच्यावर पाय ठरत नाही, आणि पालखी खांद्यावर असलेल्या माणसाला खाली बघता येत नाही. लाल ग्रॅनाइट तर त्या चौकाचा नव्हेच. नवा चिरा जुन्यासारखा झिजलेला दिसावा म्हणून घासून घेण्याचीही गरज नाही. माप आणि सांध्याची रेघ जुळली की पुरे.

सांधे ६ ते १० मिलिमीटर. पायी वावराच्या भागात चुना, सुरखी (विटेची पूड) आणि वाळू १:१:२. चुना भिजवून निदान तीन-चार आठवडे मुरलेला असावा. कमी मुरलेल्या चुन्यातले खडे नंतर फुलतात आणि सांधा उकलतो. भरल्यावर १० ते १४ दिवस ओली पोती. त्या काळात पाऊस झाला तर सांधा धुऊन जातो. सिमेंटचा सांधा दोन उन्हाळ्यांत कडेनं सुटतो, मग फटीत पाणी उतरतं आणि खालची भर वाहून जाते. तो फोडून चिरा काढायला गेलं की चिऱ्याची कड तुटते, सिमेंट मात्र शाबूत राहतं.

---

रोलर

वरचं वाचून छान वाटतं, पण टेम्पो? भाजी उतरवणारा भरलेला टेम्पो चौकात वळला की चाक चिरा फिरवतं. चुन्याच्या सांध्यावर हे टिकणार नाही. वाहनं जाणार असतील तर खाली पक्का पाया हवाच. कमीत कमी २०० मिलिमीटर जीएसबी (खडी-मुरमाचा तळथर) दोन थरांत, १५० डब्ल्यूएमएम (पाणी मिसळून दाबलेली खडी), ५० ची भर आणि वर चिरा. म्हणजे तयार पातळीपासून जवळपास ५०० मिलिमीटर खोदाई. काळी माती लागली तर तीही काढून मुरूम. एवढं न करता दगड घालणं म्हणजे दर पावसाळ्यानंतर खड्डे मोजत बसणं.

---

ओळंबा

रोलर यांचा छेद टेम्पोच्या वाटेपुरता बरोबर आहे, सगळ्या चौकाला नाही. ५०० मिलिमीटर सरसकट खोदलं की दोन गोष्टी होतात. जुन्या वाड्यांचे पाये उथळ असतात, त्यांच्या कडेची माती सुटते. आणि फरसबंदीखाली जे असेल ते, जुने खापरी नळ, आधीच्या चौकाचा थर, सगळं डंपरमध्ये जातं.

वाहनांची वाट आखून घ्या, ३.५ ते ४ मीटर रुंद, शक्यतो जिथे डांबरी चर आधीच मारलेले आहेत तिथून. खोदाई तेवढ्याच पट्ट्यात. त्या पट्ट्यातले सांधे चुन्याचे नकोत, २ ते ६ मिलिमीटर बारीक खडीचे. भुकटी चाळून काढा. भुकटीसकट भरलं तर ती पाणी धरते आणि चाकाखाली चिखल वर येतो. चिरे वाहनाच्या दिशेला आडवे, सांधे एकाआड. वळणाच्या जागी मोठ्या चिऱ्यांऐवजी १० सेंटीमीटरचे चौकोनी ठोकळे बसवा, ते फिरत नाहीत. पट्ट्याच्या दोन्ही कडांना २० सेंटीमीटरची दगडी कड काँक्रीटमध्ये रोवा. चिरे बाजूला सरकतात ते कड नसल्यामुळे. वजनाचा त्यात वाटा कमी.

दाबाईसाठी कंपनाचा रोलर वाड्यांपासून लांब ठेवा. जुन्या नाजूक इमारतींना जर्मन मानक डीआयएन ४१५० कमी वारंवारतेला सेकंदाला ३ मिलिमीटर एवढाच कंपनवेग मान्य करतं. भिंतीपासून ५ मीटरच्या आत प्लेट कॉम्पॅक्टर आणि हातधुम्मस, थर १०० मिलिमीटरपेक्षा जाड नको.

आणि वाड्यांच्या भिंतीला लागून ४५ ते ६० सेंटीमीटरचा पट्टा गोट्यांचा किंवा मोकळ्या सांध्यांचा ठेवा. चौक काँक्रीटनं बंद केला की जमिनीतला ओलावा भिंतीतून वाट काढतो. खालचा काळा दगड टिकतो, पण वरच्या विटेला लोणा धरतो. मालक चुन्याच्या जागी सिमेंटचं प्लास्टर करतो आणि ओल आणखी वर चढते.

---

हौदकाठ

हौदाला रंग देऊ नका. आधीचा असेल तर काढा.

मुंबईतलं हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन हे याचं ठळक उदाहरण. १८६४ चं, पोर्टलंड दगडात घडवलेलं शिल्प वर्षानुवर्षं पांढऱ्या ऑइलपेंटखाली होतं. २०१९ मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात ते थर काढले आणि कारंज्याचं पाणीही पुन्हा सुरू केलं. रंगाखाली दगड श्वास घेत नाही, आत शिरलेला ओलावा क्षार घेऊन पृष्ठभागाकडे येतो आणि पापुद्रा सुटतो. तुमचा बेसॉल्ट घट्ट असल्यामुळे दगडाला धोका कमी, सांध्यांना जास्त.

पद्धत: आधी १५ × १५ सेंटीमीटरच्या तीन-चार चाचण्या, नजरेआड. रंग काढणारा लेप लावून वर प्लास्टिकचा कागद, ठरावीक तासांनी मऊ ब्रश आणि लाकडी पट्टीनं काढणं, मग कमी दाबाचं पाणी. सँडब्लास्टिंग, तारेचा ब्रश लावलेला ग्राइंडर आणि आम्ल, तिन्ही वर्ज्य. आम्लानं चुन्याचा सांधा विरघळतो आणि बेसॉल्टमधलं लोह गंजाच्या रंगानं वर येतं.

कारंजं सुरू करण्याआधी पाणी कुठून येत होतं ते शोधा. आपल्याकडच्या जुन्या हौदांना बऱ्याचदा तलावातून उताराने पाणी येई. कात्रजच्या तलावातून पेशवाईत पुण्यातल्या हौदांपर्यंत आणलेला नळ, मलिक अंबरची औरंगाबादची नहर, ही त्याचीच उदाहरणं. वाटेत उच्छ्वास, म्हणजे नळातली हवा सुटायला बांधलेले मनोरे, असतात. चौकाजवळ एखादा उंच, पोकळ दगडी खांब असेल तर पाडण्याआधी तो उच्छ्वास आहे का बघा. जुना नळ सापडला तर त्यातून पंपाचं पाणी दाबानं सोडू नका, सांधे उडतात. नवी वाहिनी वेगळी टाका आणि पंपाची खोली हौदात नको, बाहेर जमिनीखाली. हौदाला आतून सिमेंटचा गिलावाही नको. गळती सांध्यांतून असते, ते चुना-सुरखीनं भरा.

---

नकाशावाला

परवानग्या. आजूबाजूला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे का ते आधी बघा. असेल तर १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र. पुण्यात शनिवारवाड्याभोवती हाच नियम लागतो. दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीवर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि ती महिन्यांच्या हिशेबात येते. राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व संचालनालय. स्थानिक वारसा यादीत नाव असेल तर श्रेणी बघून समितीकडे. पिंपळ ५० वर्षांचा किंवा त्याहून जुना असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो कायद्यानं हेरिटेज वृक्ष आहे, वृक्ष प्राधिकरणाला विचारल्याशिवाय पाराला हात नको.

दुसरं, "मूळ स्वरूप" हा शब्द अंदाजपत्रकात घालताना कुठल्या सालचं ते लिहा. हुतात्मा चौकच घ्या. मुंबईच्या किल्ल्याचा चर्चगेट हा दरवाजा जिथे होता तिथे हे कारंजं आलं. मग ट्राम आली आणि १९६४ मध्ये बंद झाली. २१ नोव्हेंबर १९५५ च्या गोळीबारानंतर तिथे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक उभं राहिलं. जीर्णोद्धाराच्या खोदकामात जुने ट्रामचे रूळ निघाले. यातला कुठला थर मूळ? १८६४ ला परत जायचं म्हटलं तर स्मारक उपरं ठरतं, आणि ते कुणालाही मान्य होणार नाही. तुमच्या चौकातही स्वातंत्र्यसैनिकांचा स्तंभ, एखादा ध्वजकट्टा असेलच. तो "अतिक्रमण" म्हणून हलवायच्या यादीत टाकू नका. गावासाठी तो हौदाइतकाच चौकाचा असतो.

---

वेशीपाशी

ध्वजकट्टा खरंच त्या यादीत होता, काढला. दोन प्रश्न उरले. गणपतीचा मांडव दरवर्षी चौकात पडतो, पहार घालून खड्डे करतात. आणि निविदा: जिल्हा दरसूचीत चिरे उचलून बसवण्याची बाबच सापडत नाही. ठेकेदार म्हणतो, चौरस मीटरवर ग्रॅनाइट लावू.

---

टाकी-छिन्नी

मांडवाला बंदी घालून काही होत नाही, खड्डे रात्री पडतात. मंडळांना बोलावून खांबांच्या जागा ठरवा आणि तिथे स्टेनलेस स्टीलच्या नळ्या कायमच्या रोवा, आतला व्यास त्यांच्या खांबांना बसेल असा, खोली ४५० मिलिमीटर. नळीचं बूड उघडं, खाली ३०० मिलिमीटर खडी, नाहीतर ती पाण्यानं भरून डासांची पैदास होते. वर दगडाचं झाकण, फरसबंदीच्या पातळीत. मिरवणुकीच्या रथाची रुंदी आणि उंची आधी मोजा. दिव्याचे खांब आणि वाहनं अडवणारे दगडी खुंट त्यानंतरच नकाशावर ठेवा. अग्निशमन गाडीच्या वाटेवरचे खुंट काढता येणारे हवेत.

दिवे: हायमास्टऐवजी ४ ते ५ मीटरचे खांब, २७०० ते ३००० केल्विनचा उबदार प्रकाश. जमिनीत पुरलेले दिवे टाळा. आयपी ६७ (पाणी आत न शिरण्याची श्रेणी) लिहिलेलं असलं तरी खाली निचरा नसेल तर दुसऱ्या पावसाळ्यात काचेआड पाणी दिसतं. वायरी ११० मिलिमीटरच्या नळ्यांतून, लघुदाबाच्या किमान ७५ सेंटीमीटर खोल, आणि प्रत्येक ओळीत दोन नळ्या रिकाम्या. त्या नसतील तर पुढची केबल कंपनी तुमचे चिरे फोडेल.

---

ओळंबा

निविदेचं: दरसूचीत बाब नसेल तर स्वतंत्र दरपृथक्करण (मजुरी, माल यांवरून दर काढणं) करून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्या. तीन बाबी वेगळ्या ठेवा: चिरा जागेवर ठेवून साफ करणे व सांधे भरणे, चिरा उचलून क्रमांकानुसार पुन्हा बसवणे, नवा घडीव चिरा पुरवून बसवणे. तिन्हींचं मिळून एकच "फरसबंदी, प्रति चौरस मीटर" केलंत तर ठेकेदाराला जुना चिरा फोडून नवा लावण्यात फायदा राहतो, आणि तो ते करणारच. तुटलेल्या प्रत्येक जुन्या चिऱ्याला दंड लिहा, मोजणी उचलण्याआधीच्या फोटोंवरून. कामाआधी २ × २ मीटरचा नमुना चौकातच करून घ्या, तो मंजूर झाल्याशिवाय पहिलं देयक नाही.

काम चार तुकड्यांत. पावसाळ्यात मोजणी, चाचणी खड्डे, निविदा. दिवाळीनंतर पाइप आणि नळजोडण्या, जानेवारीअखेर डांबर, मग चिरे, सांधे एप्रिलअखेर संपवा म्हणजे चुन्याला मे महिना मिळतो. पाराभोवती निदान ३ मीटर काहीही बंद करू नका, मुळांवर भर घालू नका, टाइल्स तर नकोतच.

आणि देखभालीची एक ओळ करारात राहून जाते: पहिल्या पावसाळ्यानंतर दसऱ्याच्या सुमारास सांधे तपासून पुन्हा भरणे, वाहनांच्या पट्ट्यात खडी झाडून घालणे, तीन वर्षं. खडीची पाच-सहा पोती नगरपरिषदेच्या गोदामात ठेवा, त्याच चाळणीची.